माझ्या नावाचं पाकीट

डाळिंबावर तेल्या आला की सुरुवातीला तो सहज दिसत नाही. पान तोडून उन्हाकडे धरावं लागतं. कागदावर भज्याचं तेल लागावं तसा एक ठिपका पानात असतो आणि त्यातून आरपार उजेड येतो. आठ-दहा दिवसांत तो काळा पडतो. फळावर आला तर डागाच्या मधोमध भेग पडते आणि पिकायच्या आधीच फळ उकलतं.

आमच्या भागात तो ठिपका ज्याला सापडतो, तो माणूस ते पान मुठीत चुरगाळतो आणि खिशात घालतो. मग आजूबाजूला बघतो. मीही पाच वर्षं तेच करत होतो. तेल्या आहे असं एकदा कानावर गेलं की व्यापारी फाट्यावरूनच गाडी वळवतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण सांगायला अवघड आहे. घरात लग्नाची मुलगी असताना कुणाच्या अंगावर पांढरा डाग निघाला तर घरचे जसे तो झाकत फिरतात, तसं आम्ही झाडांचं झाकतो. बागेत रोग असणं म्हणजे बागवानातच काही खोट असणं, असं आम्ही धरून चालतो.

माझं वय आता बावन्न. वसमत तालुक्यात माझं शेत आहे. हळद, सोयाबीन आणि दोन एकर डाळिंब. विहिरीकडच्या रांगा उंचावर आहेत, ओढ्याकडच्या रांगा खोलगट जागेत आहेत. अक्षर बरं आणि फोनवर मराठी टाइप करता येतं, एवढ्या दोन गुणांवर मला आसपासच्या डाळिंबवाल्यांनी त्यांच्या गटाचं सचिव केलं होतं. सहा गावांतले सहा बागायतदार, असा तो गट.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मॅडम आमच्याकडे आल्या. तीन जिल्हे पलीकडच्या एका प्रयोगशाळेत त्या तेल्याच्या जंतूंवर संशोधन करत होत्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं सावकाश. आमच्या ओसरीवर चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जवळजवळ शब्दशः आठवतं.

त्या म्हणाल्या की तेल्या हा एकच रोग असला तरी त्याचे जंतू सगळीकडे सारखे असतात असं नाही. एका जंतूचे दोन होतात, दोनाचे चार होतात, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आतली लांबलचक माहिती नव्यानं उतरवली जाते. उतरवताना कधी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात. पण एखाद्या चुकीमुळे जंतू औषधाला दाद देईनासा होतो. आपण तेच औषध मारत राहिलो की बाकीचे मरतात, हा एकटा उरतो आणि बाग त्याच्या पोराबाळांनी भरून जाते. माणसाच्या एका पिढीला वीस-पंचवीस वर्षं लागतात, यांच्या पिढ्या काही तासांत होतात. म्हणून एका गावच्या बागेत चाललेलं औषध दुसऱ्या गावी चालेलच असं सांगता येत नाही.

“त्यासाठी मला प्रत्येक बागेतलं पान पाहिजे. त्याच बागेतलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातात सहा कागदी पाकिटं दिली. प्लास्टिकमध्ये पान कुजतं म्हणून कागदी. प्रत्येकावर गाव, बागायतदाराचं नाव आणि तारीख लिहायची, आत वर्तमानपत्राच्या घडीत दहा रोगट पानं ठेवायची, आठ दिवसांत पाठवायची. काम सोपं होतं.

पहिल्या दिवशी मी मोटारसायकल काढून कुरुंद्याला गेलो. तिथला बागायतदार गटातलाच माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमच्यात एक रीत आहे, पावसाळ्यात कुणी कुणाच्या डाळिंबात पाऊल टाकत नाही. चपलेला, कपड्याला लागून रोग येतो म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. तरी त्या रीतीच्या आड आम्ही बरंच काही लपवतो. त्यानं मला फाटकाबाहेरच उभं केलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

“आमच्याकडं तसलं काहीच न्हाई,” तो म्हणाला. “तुमच्याकडं असंल तर तुमचंच न्या.”

त्याच्या पाठीमागे पहिल्याच झाडावर मला काळं फळ दिसत होतं. त्यालाही कळलं की मला दिसलं. आम्ही दोघांनी पावसापाण्याचे चार शब्द बोलून घेतले आणि मी निघालो.

पुढे डोंगरकड्याला, शिरड शहापूरला, अजून दोन ठिकाणी जायचं होतं. शिरड शहापूरला तर माझ्या चुलतबहिणीची बाग. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तिनं मला कडेवर घेऊन फिरवलंय. तिनं नाही म्हटलं नसतं. पण तिच्यापुढे उभं राहून तुझ्या बागेतलं रोगट पान दे म्हणायचं, तर ती लगेच विचारणार की तुझ्या बागेत काय आहे. अक्काशी मला खोटं बोलता येत नाही. म्हणून मी तिकडे गेलोच नाही.

मी घरी आलो. विहिरीकडच्या पहिल्या रांगेत गेलो. पाच पाकिटं भरायला मला पाऊण तासही लागला नाही. दहा पानं कुरुंद्याची, दहा डोंगरकड्याची, दहा शिरड शहापूरची, अशी ती सगळी माझ्याच चार झाडांची. पाकिटांवर मी छान अक्षरात नावं लिहिली. तारखा वेगवेगळ्या टाकल्या.

सहावं पाकीट माझ्या नावाचं होतं. त्यात मी ओसरीपुढच्या एकट्या झाडाची पानं घातली. ते झाड शोभेला लावलेलं, बागेपासून लांब. त्याला कधी काही झालं नाही. ती पानं मी धुऊनसुद्धा घेतली.

बायकोनं बघितलं. ती म्हणाली, सगळी एकाच रांगेतली काहून तोडून राहिले. मी म्हणालो, रोग एकच आहे, पान कुठलंही असलं तरी काय फरक पडतो. त्या क्षणी मला ते थोडंफार खरंही वाटलं होतं. मॅडम नेमकं उलटं सांगून गेल्या होत्या, हे मी बाजूला ठेवलं.

हिवाळ्यात मॅडम परत आल्या. गावच्या शाळेच्या वर्गात बैठक झाली. त्यांनी भिंतीवर एक फोटो दाखवला. काळ्या पाटीवर उजळ पट्टे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. एकेक उभी रांग म्हणजे एकेका बागेतला जंतू. दुसऱ्या जिल्ह्यांच्या फोटोंत पट्टे कुठे वर, कुठे खाली, कुठे एखादा जास्त होते. आमच्या पाच रांगा तंतोतंत सारख्या.

“तुमच्याकडचे सगळे एकाच कुळातले दिसतात,” त्या म्हणाल्या. त्यांना त्याचं नवल वाटलेलं दिसत होतं. प्रयोगशाळेत हे पाचही जंतू नेहमीच्या औषधाला मरत होते. आम्ही त्या औषधाला नुसतं पुडी म्हणतो. त्यामुळे सहाही गावांना एकच वेळापत्रक चालेल, तांब्याचं औषध आणि पुडी, ठरलेल्या अंतरानं, असं त्यांनी सांगितलं. लोक खूश झाले. एकच वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “पाचही ठिकाणी तुम्ही स्वतः गेला होतात ना?”

“हो,” मी म्हणालो.

कुरुंद्याचा बागायतदार समोरच्या बाकावर बसला होता. आपल्या नावाची रांग भिंतीवर बघून तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं पान दिलं नव्हतं हे त्याला माहीत होतं. पण तो बोलला असता तर त्याचंच झाकलेलं उघडं पडलं असतं. बाकीच्यांनी, अक्कानंही, मी कधीतरी येऊन गड्यांकडून पान नेलं असेल असं धरलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या की सहाव्या पाकिटातून काहीच उगवलं नाही. म्हणजे सचिवांची बाग निरोगी आहे, त्यांच्याकडून सगळ्यांनी शिकावं. टाळ्या वाजल्या. मला उठून दोन शब्द बोलायला लावलं. मी स्वच्छतेवर बोललो.

त्या टाळ्यांमुळे पुढचं सगळं झालं. बैठकीनंतर अक्का माझ्याजवळ आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “भाऊ, यंदा माझी छाटणी तुझ्याच माणसांकडून करून दे. तुझ्या बागेत काम झालं की तसंच माझ्याकडं धाड. निरोगी बागेतली माणसं बरी.”

मी बरं म्हणालो.

छाटणीला आमच्याकडे एक टोळी येते, सहा माणसं आणि एक मुकादम. कात्र्या त्यांच्याच. रोगट बागेत छाटणी केली तर प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायची असते, हे मला पुरतं माहीत होतं. पण बादली भरून ठेवली असती तर मुकादमानं विचारलं असतं, निरोगी बागेत हे काहून. त्यानं ते पुढच्या दहा गावांत सांगितलं असतं. मी बादली भरली नाही. टोळीनं सकाळी ओढ्याकडच्या रांगा छाटल्या आणि दुपारी जेवून, त्याच कात्र्या पिशवीत टाकून, अक्काच्या बागेत गेली.

ओढ्याकडच्या रांगांबद्दल इथेच सांगून टाकतो. तिथे पाणी साचतं, रोग जास्त येतो. तो दिसू नये म्हणून मी तिथे पुडी मारत होतो, ठरल्याच्या दुप्पट मापानं, आठवड्याला एकदा, कधी दोनदा. गेल्या काही महिन्यांत तिथे पुडीचा परिणाम दिसेनासा झाला होता. मी माप आणखी वाढवत गेलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात अक्काचा फोन यायला लागला. वेळापत्रकाप्रमाणे मारतेय, तेल्या थांबत नाही. तिसऱ्या फोननंतर मी गेलो. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गुडघ्यांमुळे आता शेतात उतरत नाहीत. ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले असतात आणि आल्यागेल्याची फिरकी घेतात.

“आले आमचे डॉक्टर,” ते म्हणाले. “पेशंट जायच्या आत आले, एवढं बराबर केलं.”

मी बाग फिरून बघितली. तीनशे झाडं अक्कानं स्वतः लावलेली. रोपं आणण्यापासून खड्डे घेण्यापर्यंत सगळं तिनं उभं राहून केलेलं. खालच्या अंगाला एकही झाड स्वच्छ नव्हतं. फळं उकलून लोंबत होती. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय म्हणावं, हे मी वाटेतच ठरवून आलो होतो.

मी म्हणालो, माप चुकत असेल. पंप नीट धुतला जात नसेल. औषध सकाळच्या दवात मारलं असेल. तिनं प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं. मग मी तिच्याकडून पुडी मागवली, बादली मागवली आणि गड्यांसमोर, दाजींसमोर, तिला मापून दाखवलं. एवढं पाणी, एवढी पुडी, असं ढवळायचं. चाळीस वर्षं शेती केलेली बाई माझ्यापुढे उभी राहून मान हलवत होती.

“असंच करते रे मी,” ती हळू म्हणाली.

“मग नजरचूक होत असंल,” मी म्हणालो.

मी आयुष्यात बऱ्याच वाईट गोष्टी केल्या असतील. पण ती बादली आणि ते ढवळणं यापेक्षा वाईट काही मला आठवत नाही. तिच्या नावाचं पाकीट तिच्या बागेतून गेलंच नव्हतं, हे मला माहीत होतं. तिच्या झाडांत कुठला जंतू आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, हेही मला माहीत होतं. तरी मी तिला माप शिकवलं. घरी येताना मोटारसायकलवर मला मॅडमचं ते वाक्य आठवत राहिलं, त्याच बागेतलं पान पाहिजे.

त्यानंतरच्या आठवड्यात गटाच्या एका माणसाकडून कळलं की अक्कानं बाग काढायला जेसीबी सांगितलाय. सोमवारी येणार होता. मला हे कळलं तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी मी शिरड शहापूरला गेलो. जाताना घरातून कागदी पाकिटं घेतली. अक्का विहिरीजवळ फवारणीचा पंप उलटा करून धूत होती. आता लागणार नाही म्हणून कुणाला तरी देऊन टाकायचा होता. दाजी खुर्चीवर होतेच.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. “अक्का, तुझ्या बागेतलं पान मी कधी नेलंच न्हाई.”

तिनं पंपाची नळी झटकली. “मग भिंतीवर कुणाचं दाखविलं?”

“माझ्या बागेतलं. पाचही माझ्याच.”

“तुझ्या बागेत तर तेल्या न्हाई.”

“हाय. पाच वर्सं झाली, हाय.”

अक्कानं पंप बाजूला ठेवला. हात पदराला पुसले. माझ्याकडे न बघता ती खालच्या झाडांकडे वळली.

“आन् मला माप शिकवून राहिला होतास,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या घालेल. दोन्हींसाठी मी तयारी करून गेलो होतो. तिनं यातलं काही केलं नाही. मी तिला म्हणालो की तीन आठवडे थांब. आज पान घेऊन जातो, खरंखुरं, तुझ्या झाडाचं. प्रयोगशाळेतून काय येतं ते बघू, मग बाग काढायची तर काढ, मी स्वतः येऊन मुळं वेचतो.

“तू म्हणतोस म्हणून थांबू?”

“मी म्हणतो म्हणून न्हाई. मॅडम काय म्हणतील त्यासाठी.”

तिनं दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, वाळलेली झाडं कुठं पळून जात नाहीत, मशीनवाल्याला फोन लावतो. अक्का आत जाऊन पेन घेऊन आली. “पान मी तोडते,” ती म्हणाली. “नाव बी मीच लिहिते.”

त्या दिवशी घरी येऊन मी माझ्याही बागेची दोन पाकिटं भरली. एक विहिरीकडचं, एक ओढ्याकडचं. दोन्हींवर माझं नाव लिहिलं. ते लिहिताना अक्षर चांगलं आलं नाही. मग मॅडमना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की त्या पाच रांगा त्यांच्या प्रबंधात गेल्या आहेत, आता काढाव्या लागतील, वरिष्ठांना कळवावं लागेल. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं,” त्या म्हणाल्या.

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “मी खोटं बोललो.”

“पाठवा. पण यापुढे प्रत्येक पाकिटावर ज्याची बाग त्याची सही पाहिजे. तुमची नको.”

तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले. मधे मी रोज अक्काकडे जाऊन गळलेली फळं, पानं वेचून जाळत होतो. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. दाजींनी चेष्टा बंद केली होती, आणि ते मला जास्त लागत होतं.

मग मॅडमनी फोनवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात काचेच्या तीन बश्या. जंतू वाढले की पिवळे, चकचकीत, मधासारखे चिकट दिसतात. प्रत्येक बशीत मधोमध कागदाची एक टिकली ठेवलेली, आमच्या पुडीच्या पाण्यात भिजवलेली. माझ्या विहिरीकडच्या बशीत टिकलीभोवती स्वच्छ कडं पडलं होतं, तिथले जंतू मेले होते. अक्काच्या बशीत कडं नव्हतं. पिवळा थर सरळ टिकलीला जाऊन भिडला होता. माझ्या ओढ्याकडच्या बशीतही तसंच.

दुसरा फोटो पट्ट्यांचा. विहिरीकडची रांग वेगळी. अक्काची आणि माझ्या ओढ्याकडची रांग शेजारी शेजारी, हुबेहूब.

मी मॅडमना विचारलं, कुणाकडून कुणाकडे गेला हे कळतं का. त्या म्हणाल्या, एवढ्यावरून सांगता येत नाही. दोघांचं मूळ एक आहे इतकंच म्हणता येईल. त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती, त्यांच्या नकळत. त्या वाटेनं गेलो असतो तर कुणी मला अडवू शकलं नसतं.

त्याच दुपारी मी अक्काकडे गेलो. ओसरीवर बसून तिला दोन्ही फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून बघितले. अक्काच्या मापात चूक नव्हती, हे मी आधी सांगितलं, दाजींसमोर. ज्या गड्यांसमोर मी तिला मापून दाखवलं होतं, त्यांना बोलावून त्यांच्यासमोरही सांगितलं. ते काहीच न कळल्यासारखे उभे राहिले आणि कामाला गेले. मग मी टोळीचं सांगितलं. सकाळी ओढ्याकडची छाटणी, दुपारी तिची.

“कात्र्या धुतल्या न्हवत्या?”

“न्हाई.”

“काहून?”

“धुवायला सांगितल्या असत्या तर मुकादमाला कळलं असतं.”

अक्कानं चष्मा काढला. “म्हंजे मी तुझी बाग चांगली समजून माणसं मागितली, आन् तू धाडली.” ती उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. दाजी माझ्या शेजारी बसून होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, “चहा येईल का न्हाई सांगता येत न्हाई. बसून ऱ्हा.”

चहा आला. अक्कानं तो माझ्यासमोर ठेवला, दिला नाही. मग विचारलं की मॅडम पुढं काय करा म्हणतात.

मॅडमनी खात्री दिलेली नव्हती. पुडी पूर्ण बंद. फार लागलेली झाडं काढून जाळायची. बाकीची आखूड छाटायची, बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, लावायचा, एक हंगाम फळ न घेता विश्रांती द्यायची आणि पुढे पावसाळ्यातला बहार, म्हणजे फुलोरा, सोडून पाऊस सरल्यावरचा धरायचा. जंतू जातो असं नाही, पण त्याला पसरायला पाऊस आणि कात्री मिळाली नाही तर झाड तग धरतं.

अक्कानं ते मनावर घेतलं. जेसीबी आला, पण फक्त खालच्या अंगाची नव्वद झाडं निघाली. ती पडताना अक्का तिथेच उभी होती. मग तेच मशीन मी माझ्या शेतात नेलं आणि ओढ्याकडच्या रांगा मुळासकट काढल्या. बायको बांधावरून बघत होती. ती म्हणाली, पाच वर्षांपूर्वी काढल्या असत्या तर.

वरच्या दोनशे दहा झाडांची छाटणी मी एकट्यानं केली. दोन कात्र्या घेतल्या. एक हातात, एक औषधाच्या पाण्यात. झाड झालं की अदलाबदल. पाणी गढूळ झालं की नवं. टोळीनं हे काम दोन दिवसांत केलं असतं, मला सतरा दिवस लागले. पहिल्या दिवशी अक्का सावलीत बसून माझ्या हाताकडे बघत होती. मी एकदा अदलाबदल विसरलो तर तिनं लांबून “कात्री” एवढंच म्हटलं. शेवटच्या आठवड्यात ती बसायची बंद झाली. आपल्या कामाला जायची.

गटाची बैठक मीच बोलावली, त्याच शाळेत. सगळं सांगितलं आणि सचिवपद सोडलं. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजे आदर्श बाग ती हीच का?” लोक हसले. मीही थोडा हसलो, कारण हसण्यासारखं होतंच. मग विचारलं, मॅडमना सहाही गावांची पानं नव्यानं पाहिजेत, कोण देतं. कुणी हात वर केला नाही. नवं सचिवपद अक्काकडे गेलं. मॅडमनी पाकिटंही तिच्याच नावानं पाठवली.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं मोटारसायकलवर फिरलो. पाकिटं अक्काच्या पिशवीत. फाटकापाशी पोचलो की आधी मी बोलायचं असं आमचं ठरलं होतं. माझं बोलणं सगळीकडे सारखंच असायचं. माझ्या बागेत तेल्या आहे, पाच वर्षं लपवला, त्यापायी हिची नव्वद झाडं गेली. अक्का मागे उभी राहून ऐकायची. दर वेळी मी ते पूर्ण म्हणायचो. डोंगरकड्याच्या माणसानं आम्हाला बसवून जेवायला घातलं आणि पान मात्र दुसऱ्या दिवशी दिलं. बाकी दोघांनी त्याच दिवशी.

कुरुंद्याला शेवटी गेलो. तो बागायतदार फाटकात आला. माझं बोलून झालं तेव्हा त्यानं अक्काकडे बघितलं.

“खरंच नव्वद?”

“व्हय. जाऊन बघा, खड्डे तसेच हायत.”

तो आत गेला. आम्हाला वाटलं, विषय संपला. दहा मिनिटांनी तो पानांनी भरलेली टोपली घेऊन आला. त्यातली काळ्या डागाची फळं त्यानं वर ठेवली होती, दिसतील अशी. पाकिटावर सही करताना तो मला म्हणाला, “त्या दिवशी तुमचंच न्या म्हणालो, तर तुमी खरंच नेलं की.” अक्का तोंडावर पदर धरून हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

त्या पाकिटांचा निकाल आला. सहा गावांत चार वेगवेगळे जंतू निघाले. अक्काच्या बागेतला हट्टी जंतू अजून एका बागेत आहे. तिथेही तीच टोळी गेली होती. त्या बागायतदाराकडेही मी जाऊन आलो. त्याच्या छाटणीला येईन असं कबूल करून आलोय. आता प्रत्येक गावाचं वेळापत्रक वेगळं आहे. ते लक्षात ठेवायला अवघड जातं म्हणून अक्कानं ते मला वहीत लिहायला लावलं. अक्षर बरं आहे तर कामाला येऊ दे, म्हणाली.

यंदा पाऊस सरल्यावर अक्कानं बहार धरला. वरच्या झाडांवर लाल फुलं आली, मग सुपारीएवढी फळं. मी दर चार दिवसांनी जातो आणि पानं उन्हाकडे धरून बघत रांगा फिरतो.

परवा सकाळी तिचा फोन आला. चौथ्या रांगेत एका पानावर ठिपका सापडला होता. एकच. मी पोचलो तेव्हा दाजी खुर्चीवरून ओरडले, “डॉक्टर, बशीत घालायला पान तयार हाय.” अक्कानं त्या फांदीला आधीच लाल चिंधी बांधली होती. आजूबाजूच्या दोन झाडांनाही. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, ती तिनं लपवली नाही. ठिपका जुन्याच जंतूचा, की बाहेरून आलेल्या एखाद्या नव्याचा, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं.

मी बादलीत पाणी केलं, फांदी कापली, कात्री बुडवली. अक्कानं पान वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलं. पाकिटावर गाव, तारीख आणि आपलं नाव लिहिलं, सही केली, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

“आजच्या आज पोस्टात टाक,” ती म्हणाली. “आन् जाताना कुरुंद्यात सांगून जा, माझ्याकडं तेल्या निघालाय म्हनावं.”

मी पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि मोटारसायकल कुरुंद्याच्या रस्त्याला लावली.